लावलेली झाडे आणि जगलेली झाडे

अवसरी बुद्रुक हे माझे आजोळ. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले, खेड मागे टाकले, की मंचरच्या अलीकडे अवसरीचा घाट लागतो. लहानपणी एस. टी. त्या घाटात शिरली, की आई आम्हां भावंडांना झोपेतून उठवी आणि पदराच्या टोकाने आमची तोंडे पुशी. माहेरच्या माणसांनी आपली पोरे धुळीने माखलेली पाहू नयेत, एवढीच तिची इच्छा. गावाच्या नावातला ‘बुद्रुक’ हा शब्द फारशी ‘बुजुर्ग’वरून आला, म्हणजे ही थोरली अवसरी, शेजारची खुर्द ती धाकटी. मात्र धाकटीने अलीकडे थोरलीवर मात केली आहे. २००९ साली सुरू झालेले सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय तिच्या शिवारात आहे, आणि परगावचा माणूस आता नुसते ‘अवसरी’ म्हणाला, की त्याच्या डोळ्यांपुढे ते महाविद्यालय असते. असो.

गेल्या पावसाळ्यात मामेभावाचा फोन आला. त्याला माझ्याकडून एक कागद लिहून हवा होता. गावातल्या एका शाळेच्या आवारात कोपऱ्याला कडुनिंबाचे मोठे झाड आहे. शाळेच्या अंगणात सिमेंटच्या विटा बसवावयाच्या, कोपऱ्यात व्यासपीठ बांधावयाचे, आणि त्या व्यासपीठाच्या आड येते म्हणून हे झाड काढावयाचे, असे घाटत होते. (शाळेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. असे घाटत नाही अशी शाळा मला आपल्या महाराष्ट्रात दाखवा!) मामेभावाचे म्हणणे असे, की हे झाड त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या मामाने, १९५० साली पहिल्या वनमहोत्सवात आपल्या हाताने लावले.

“दादा, तुम्ही इतिहासाचे मास्तर,” तो म्हणाला. “आण्णांनी लावलेलं झाड हाय, एवढं फकस्त कागदावर लिहून द्या. तुमच्या सहीला वजन हाय.”

सहीला वजन आहे असे कोणी म्हटले, की माणूस विरघळतो. मी गेलो.

कागद लिहावयास बसण्याआधी पुरावा पाहावा, ही पस्तीस वर्षांची खोड. मामाला जाऊन बारा वर्षे झाली. त्याच्या तोंडून ही हकिगत मी कितीदा तरी ऐकली होती: चौथीतली मुले, गुरुजींच्या हातातली घुंगराची काठी, एकेक खड्डा, एकेक रोप, आणि शेवटी वाटलेला गूळ. हकिगतीत रोप कधी कडुनिंबाचे असे, तर कधी चिंचेचे. एकदा ते आंब्याचेही झाले होते. खड्डा मात्र दर वेळी मामानेच खणलेला असे.

शाळेत जुनी कागदपत्रे पाहिली. भेटी देणाऱ्या साहेबांचे शेरे, पटावरची संख्या, फळ्याची दुरुस्ती, सगळे सापडले. झाडे लावल्याचे उल्लेखही सापडले, एकदा नव्हे, अनेकदा. परंतु लावलेल्यांपैकी पुढे काय जगले, याची ओळ कोठेच नाही. तेथे बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आले, की ही एका शाळेची उणीव नव्हे. आपल्याकडे झाडांचा जो काही इतिहास लिहिला गेला, तो बहुतेक सारा लावण्याचा इतिहास आहे.

याची फार जुनी साक्ष तर येथून जवळच आहे. जुन्नरच्या लेण्यांतले ब्राह्मी लेख वाचकांपैकी पुष्कळांनी उभ्याउभ्या तरी पाहिले असतील. त्यांत एका शक उपासकाने दिलेल्या दानाचा लेख आहे. एका ठिकाणची वीस निवर्तने जमीन, दुसऱ्या ठिकाणची नऊ निवर्तने; पहिल्या जमिनीच्या संदर्भात करंजाचे नाव येते, दुसऱ्या जमिनीच्या संदर्भात वडाचे. हे दान करंज आणि वड लावण्यासाठी होते, असा त्याचा अर्थ काही पंडितांनी लावला आहे. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखात कोणी तरी झाडांच्या नावाने जमीन तोडून दिली आणि ते दगडात कोरून ठेवले. दगड राहिला, निवर्तनांचा आकडा राहिला, दात्याचे नावही राहिले. ती झाडे कितीशी जगली, हे कोरावयास पुन्हा कोणी छिन्नी उचलली नाही.

त्याच जुन्नर तालुक्यात हिवरे येथे इंग्रजी अमलात सरकारी वनस्पतिबाग होती. दापोडीच्या बागेचीच ती शाखा. या दोन्ही बागा सांभाळणारा अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटलंडचा डॉक्टर. दख्खनमध्ये आणि खानदेशात तो आधी देवी टोचण्याच्या खात्यात होता. १८३८ साली दापोडीच्या बागेचा प्रमुख झाला आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. हिवऱ्याच्या बागेत सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती पिकविल्या जात. परंतु गिब्सनचे खरे महत्त्व निराळे आहे. कोकणातले आणि घाटावरचे डोंगर उघडे पडले, तर झरे आटतात आणि माती वाहून जाते, असे तो सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारला अहवालांतून बजावीत होता. झाडाचा आणि पाण्याचा संबंध त्याने ओळखला, झाडाचा आणि मातीचाही ओळखला. झाड आणि हवा यांच्यामधला हिशेब युरोपात तोवर मांडून झाला होता. पण तो वनखात्याच्या कामाचा आहे, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

शाळेच्या आवारात झाड लावणे हा आणखी वेगळा धागा आहे. आपल्या खेड्यांतल्या जुन्या शाळा देवळात, चावडीत किंवा कोणाच्या तरी वाड्याच्या ओसरीवर भरत. तेथे पाराचा पिंपळ आयताच असे. शाळेला स्वतःची इमारत आणि आवार मिळाले, तेव्हा त्या उघड्या आवारात सावली हवी, हा पहिला विचार. ठरावीक दिवशी समारंभाने झाडे लावण्याची चाल अमेरिकेत नेब्रास्का संस्थानात १८७२ साली सुरू झाली आणि जगभर पसरली. आपल्याकडे रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात १९२८ साली वृक्षारोपणाचा उत्सव सुरू केला. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी आपल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्हच वटवृक्ष ठेवले. आणि १९५० च्या जुलैत केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सवाची प्रथा पाडली. त्या लाटेवर माझ्या मामाच्या हातात ते रोप आले, असे घराण्यात मानले जाते.

पुढच्या लाटाही शाळांच्या अंगणात वाचता येतात. झाडांची जात पाहावी आणि साल सांगावे. जुने वड, चिंच, कडुनिंब ही लोकल बोर्डाच्या काळातली, किंवा त्याच्याही आधीची. गुलमोहर हा मूळचा मादागास्करचा; त्याने मुंबईत पाऊल टाकले ते साधारण १८४० च्या सुमारास, आणि पुढे लाल फुलांच्या हौसेने तो प्रत्येक शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला. १९७२ च्या दुष्काळानंतर चाऱ्याची आणि सरपणाची विवंचना लागली, तेव्हा सुबाभूळ आली. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी तिचा हिरिरीने प्रसार केला. १९८२ साली राज्यात सामाजिक वनीकरणाचे खाते निघाले, आणि नीलगिरी, सुरू, गिरिपुष्प यांच्या रोपवाटिका गावोगाव दिसू लागल्या. ज्या पिढीला जे टोचत होते, ते तिने लावले: सावली, फूल, चारा, सरपण. कर्ब साठविण्यासाठी म्हणून यांतले एकही झाड लावलेले नाही. आज आम्ही कर्ब मोजावयास निघालो आहोत, तो या सगळ्या परक्या हेतूंनी लावलेल्या झाडांतला.

आता ‘आम्ही’ म्हणजे कोण, ते सांगितले पाहिजे. मामेभावाची नात नववीत आहे. तिला शाळेतून प्रकल्प दिला होता: आवारातली झाडे मोजा आणि त्यांत किती कार्बन आहे ते काढा. आमच्या वेळी शाळेत ‘कर्बवायू’ म्हणत, ती ‘कार्बन डायऑक्साइड’ म्हणते. मी या लेखात माझाच शब्द वापरणार. अशी मोजणी महाराष्ट्रात नवी नाही. औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या आवारातल्या झाडांचा असा हिशेब २०१० साली प्रसिद्ध झाला, जळगावच्या विद्यापीठातही झाला. पण तो प्राध्यापकांचा उद्योग. शिवणकामाची टेप घेऊन एक मुलगी झाडाला मिठी मारीत आहे, आणि तिची मैत्रीण वहीत आकडे उतरवून घेत आहे, हे दृश्य मी प्रथमच पाहिले.

“आजोबा, एक सांगा,” तिने मला विचारले. “एवढं मोठं लाकूड आलं कुठून? मातीतून आलं, तर झाडाखाली खड्डा कसा पडला नाही?”

प्रश्न असा होता, की मी तिला गूळ द्यावा. हाच प्रश्न सुमारे चारशे वर्षांपूर्वी ब्रुसेल्सजवळ व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या गृहस्थाने स्वतःला विचारला होता. त्याने मातीच्या कुंडीत दोनशे पौंड सुकविलेली माती वजन करून भरली, तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर काही औंस. माती पुन्हा सुकवून तोलली, ती घटली होती सुमारे दोन औंस! त्याने निष्कर्ष काढला, की लाकूड पाण्याचे बनते. १६४८ साली, त्याच्या मरणानंतर, हे छापून आले. मौज अशी, की ‘गॅस’ हा शब्द जगाला देणारा हाच माणूस. कोळसा जाळल्यावर निघणारा वायू त्याने ओळखला होता, त्याला नावही दिले होते. आणि तोच वायू आपल्या कुंडीतले झाड पाच वर्षे मुकाट्याने गिळीत बसले होते, हे मात्र त्याच्या ध्यानात आले नाही.

ते ध्यानात यावयास आणखी दीडशे वर्षे लागली. इंग्लंडात प्रीस्टलेने १७७१ साली मेणबत्तीने बिघडलेली हवा पुदिन्याच्या डहाळीने सुधारते असे पाहिले. इंगेनहाउझ या डच डॉक्टराने १७७९ साली दाखविले, की हे काम फक्त हिरवा भाग करतो आणि तेही उजेडातच. (हा इंगेनहाउझही देवी टोचण्याबद्दल नावाजलेला, झाडांच्या इतिहासात देवीच्या डॉक्टरांनी बरीच लुडबुड केलेली दिसते.) शेवटी जिनीव्हाच्या सोस्यूरने १८०४ साली तागडी हातात घेऊन सिद्ध केले, की झाडातला कर्ब हवेतून येतो, त्यात पाण्याची भर पडते, आणि मातीतून येतात ते थोडे क्षार. त्या मुलीला मी एवढेच सांगितले: “बाळ, हे झाड म्हणजे उभी राहिलेली हवा आहे.” तिने ते वहीत लिहिले नाही, तिला आकडा हवा होता.

आकडा काढण्याची रीत अवघड नाही. जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, बुंध्याला टेप गुंडाळावयाची. आमच्या कडुनिंबाचा घेर भरला दोन मीटर. उंची काढण्यासाठी मुलींनी काठी आणि काठीची सावली वापरली. भूमितीच्या तासाला जे सगळ्यांना कंटाळवाणे वाटते, ते येथे उपयोगी पडले. उंची निघाली सुमारे चौदा मीटर. मग घेर, उंची आणि त्या जातीच्या लाकडाचा भारीपणा यांवरून झाडाचे वाळलेले वजन काढण्याची सूत्रे आहेत. चिंच, करंज यांचे लाकूड भारी, पांगारा-सावरीचे अगदी हलके; म्हणून एकाच घेराच्या दोन झाडांत कर्ब सारखा नसतो. आमचा कडुनिंब जमिनीच्या वर सुमारे दोन टन आला. मुळांसाठी त्याचा पाव भाग धरतात; झाले अडीच टन. वाळलेल्या लाकडाचा जवळजवळ निम्मा भाग कर्ब असतो, म्हणजे सव्वा टन. हा कर्ब हवेत वायुरूपाने असताना त्याच्यासोबत प्राणवायू होता. त्या वजनासाठी चव्वेचाळीसाने गुणावयाचे आणि बाराने भागावयाचे. उत्तर आले सुमारे साडेचार टन कर्बवायू. सूत्र अंदाजाचे आहे, उत्तर बरेच इकडेतिकडे व्हावयाचेच.

साडेचार टन! मुलींनी टाळ्या वाजविल्या. मी मास्तर, मला आनंदावर विरजण घालण्याची सवय. म्हटले, आता एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे दोन किलो तीनशे ग्रॅम कर्बवायू होतो. तर या झाडाने सगळ्या आयुष्यात जे साठविले, त्याचे पेट्रोल किती? त्यांनी भागाकार केला: दोन हजार लिटरला थोडे कमी. लिटरला पन्नास किलोमीटर जाणारी मोटारसायकल धरली, तर अठ्ठ्याण्णव हजार किलोमीटर. मंचरहून रोज मोटारसायकलने ये-जा करणाऱ्या एखाद्या शिक्षकाची, आणि अधूनमधून त्याच्या पुण्याच्या फेऱ्यांची, ही फार तर वीसपंचवीस वर्षांची चाल झाली. एक झाड, एक मास्तर! हवेतला कर्बवायू हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून नेमाने मोजला जातो. तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास होता, आज ४२० च्या वर गेला आहे. शाळांच्या अंगणांतली झाडे लावून ही चढण उतरेल, असे कोणी सांगू लागले, तर मुलांनी त्याच्यापुढे हा भागाकार ठेवावा.

परंतु याच भागाकाराची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटली. व्यासपीठाचा आग्रह धरणाऱ्यांचे म्हणणे होते, की एक झाड काढले तर दहा लावू, वाटल्यास पंचवीस लावू. मी मुलींना शाळेच्या कुंपणाजवळचे एक दोन-तीन वर्षांचे रोप मोजावयास सांगितले. उंची तीन मीटर, घेर दहा सेंटिमीटर. तेच सूत्र लावले, मुळे धरली, आणि कर्ब निघाला किलोच्याही आत. जेमतेम आठशे ग्रॅम. आता सव्वा टनाला आठशे ग्रॅमने भागा. दीड हजारांहून अधिक रोपे! आणि तीही सगळी जगलेली.

हे ‘सगळी जगलेली’ म्हणजे खरी मेख. राज्य सरकारने २०१६ च्या जुलैत दोन कोटी झाडांचा संकल्प सोडला, २०१७ साली चार कोटींचा, २०१८ साली तेरा कोटींचा, २०१९ साली तेहतीस कोटींचा. आकडे देवांच्या संख्येशी जाऊन भिडले. शाळाशाळांतून मुलांनी खड्डे खणले, फोटो निघाले; त्या मुलांचा उत्साह खोटा नव्हता, मामाचाही नव्हता. पण लावण्याचा दिवस जुलैत असतो आणि रोप मरण्याचा एप्रिलात. एप्रिलात शाळा सकाळची असते, मेमध्ये बंद असते, आणि ज्याने रोप लावले तो पोरगा आजोळी गेलेला असतो. शाळेच्या झाडाचे वैर कुऱ्हाडीपेक्षा उन्हाळ्याच्या सुट्टीशी जास्त आहे.

शहरांसाठी १९७५ साली वृक्षसंरक्षणाचा कायदा झाला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले, आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावी, असा दंडक आला. वयाला किंमत आली, हे या कायद्याचे मोठे पुण्य. मात्र तो नागरी भागाचा. अवसरी बुद्रुकच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. आणि वर दिलेला हिशेब पाहिला, तर सत्तर वर्षांच्या झाडाला सत्तर रोपे हाही सौदा झाडाच्या बाजूने फारसा चांगला नाही.

आतापर्यंत लाकडाचे बोललो. मातीचे राहिले, आणि मातीच्या बाबतीत मला स्वतःची कबुली द्यावयाची आहे.

मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो, तिचे अंगण सबंध तालुक्यात नावाजलेले. एक पान पडलेले दिसावयाचे नाही. रोज सकाळी मुले झाडून काढीत, पाचोळ्याचा ढीग मागच्या बाजूला पेटवीत, आणि मी त्या धुराकडे समाधानाने पाहत असे. आवारात एक थोर शिरीष होता. त्याच्याभोवती आम्ही पार बांधला, पुढे पैसे मिळाले तेव्हा बुंध्यापर्यंत सिमेंट केले. तीनचार वर्षांत शिरीष शेंड्याकडून वाळू लागला. कीड लागली, असे आम्ही ठरविले. कीड मीच होतो, हे मला निवृत्तीनंतर उमगले.

अवसरीच्या त्या कोपऱ्याचे नशीब असे, की तेथे झाडलोट कधी पोहोचलीच नाही. मुलींनी दोन ठिकाणी वीतभर खड्डे केले: एक कडुनिंबाखाली, एक खेळाच्या मैदानाच्या मध्यावर. मैदानातली माती भुरकट, मुरमाड, कुदळीला ठण्ण आवाज देणारी. कडुनिंबाखालची काळपट, भुसभुशीत, हातात घेतली तर लाडवासारखी वळावी अशी. तिच्यात गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गुठळ्या. दोन्हीकडची माती एकाच काळ्या कातळाची लेक. मग आम्ही तेलाच्या डब्याचे बूड कापून तो दोन्ही जागी थोडा जमिनीत ठोकला आणि तांब्याभर पाणी ओतले. मैदानात पाणी बराच वेळ आभाळ दाखवीत उभे राहिले. झाडाखाली ते आमच्या डोळ्यांदेखत प्यायले गेले.

हा फरक झाडाने केला आहे, आणि त्याला लागलेले साधन तेच, जे मी आयुष्यभर पेटवीत आलो. कडुनिंबाची पाने लहान. पावसात लवकर मोडतात. वाळवी, गांडुळे, बुरश्या आणि डोळ्यांना न दिसणारे जंतू ती खातात. त्यांतला बराच कर्ब पुन्हा वायू होऊन उडतो, पण थोडा मातीच्या चिकण कणांना धरून राहतो. तोच मातीला रंग देतो, पाणी धरून ठेवतो, झाडाला लागणारी अन्नद्रव्ये सांभाळतो. मरून जाणारी बारीक मुळे जमिनीच्या पोटात हेच काम करतात. डार्विनने म्हातारपणी, १८८१ साली, गांडुळांवर सबंध पुस्तक लिहिले, तेव्हा लोक हसले होते. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ नंतर इंदूरला बसून पालापाचोळा आणि शेण यांच्या खताची रीत घालून देत होता, आणि आपल्या शेतकऱ्यांकडून व जंगलाकडून आपण शिकलो असे मोकळेपणाने सांगत होता. जगातल्या सगळ्या झाडाझुडपांत आणि सगळ्या हवेत मिळून जेवढा कर्ब आहे, त्याहून जास्त मातीत आहे. आपल्या उन्हात, वर्षानुवर्षे नांगरलेल्या पठारी शेतांत मात्र तो शेकडा अर्ध्याच्याही खाली येतो.

सगळीच झाडे सारखी माती करीत नाहीत, हेही खरे. सुबाभूळ, गिरिपुष्प, शिरीष ही शेंगांच्या कुळातली. मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीला देतात. सुरूही तो देतो, पण त्याच्या सुया कुजता कुजत नाहीत. नीलगिरीची तेलकट पाने तशीच पडून राहतात. सुबाभळीचे बी एवढे पडते, की पाचदहा वर्षांत शाळा कोणती आणि सुबाभूळ कोणती ते कळेनासे होते. वेग, सावली, माती, लाकूड हे सगळे गुण एकाच झाडात पाहावयाचे, तर मी आपला कडुनिंब, करंज आणि चिंच यांच्यापलीकडे जाणार नाही. यात आजोळचा पक्षपात असेल तर असो.

सिमेंटच्या विटा बसल्या, की ही माती झाकली जाईल. पाने पडतील ती विटांवर, विटांवरून टोपलीत, टोपलीतून आगीत. झाड ठेवले आणि माती झाकली, तर माझ्या शिरीषाचीच गत व्हावयाची, हे मी बैठकीत सांगितले. माझ्या शाळेची कथाही सांगितली. एक सभासद म्हणाले, “सर, मग चिखल होतो त्याचं काय?” प्रश्न योग्य होता. चिखल मैदानात होतो, झाडाखाली होत नाही, हे त्यांना डब्याचा प्रयोग पुन्हा करून दाखवावा लागला. व्यासपीठ दुसऱ्या कोपऱ्याला हलविता येईल का, यावर बोलणे निघाले, आणि चहा आला.

राहता राहिला कागद. मामेभाऊ वाट पाहत होता. मी त्याला म्हटले, “आण्णांनीच लावलं असं मला लिहिता येणार नाही. दोन मीटर घेराचा कडुनिंब सत्तर-पंच्याहत्तर वर्षांचा असू शकतो. साठीचाही असू शकतो. पुरावा नाही.” त्याचे तोंड उतरले. तो एवढेच म्हणाला, “दादा, पुरावा कुठनं येणार? पानी कुनी घातलं ते कुनी लिहितं व्हय?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मामी सांगत असे, की लग्न होऊन आली तेव्हा, धरणाचे पाणी गावात यायच्या कितीतरी आधी, विहिरीवरून येताना एक कळशी शाळेच्या कोपऱ्यात रिकामी करावी, अशी सासूची शिस्त होती. ही गोष्ट मी ऐकून सोडून दिली होती, कारण तिच्यात साल नव्हते.

मी कागद लिहिला. झाडाची जात, घेर, उंची, मोजल्याची तारीख, दोन्ही मुलींची नावे, काढलेला कर्ब, दोन्ही खड्ड्यांतल्या मातीचा रंग, डब्यातले पाणी मुरावयास लागलेला वेळ, आणि कुंपणाजवळच्या त्या आठशे ग्रॅमच्या रोपाचीही नोंद. पुढच्या जूनला हेच पुन्हा मोजावयाचे, म्हणून उजवीकडे एक रकाना कोरा सोडला. सही केली. दुसऱ्या दिवशी निघताना तो कागद शाळेच्या भिंतीवर काचेत लावलेला दिसला. ‘कोणी लावले’ असे मी कोठेच लिहिले नव्हते. तळाशी कोणी तरी पेन्सिलीने मामाचे नाव घातले होते, आणि त्याच्याखाली, जरा वेगळ्या अक्षरात, मामीचे. मी खोडले नाही.

व्यासपीठाची बैठक दिवाळीनंतर आहे.